नऊ दिवस गोडी झालेली विहीर

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. हे सांगायचाही आता कंटाळा आलाय... एकतीस वर्षं रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये काढली. पाण्याची सॅम्पल तपासायची, रजिस्टरमध्ये लिहायचं, सही ठोकायची. बाटलीत दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. तरी हे लिहितोय, कारण हे मी स्वतः तपासलं होतं.

माझं मूळ गाव पेण तालुक्यात, डोलवीच्या पुढे खाडीकाठी. बांधाच्या आत भातशेती, बाहेर खाडी. गावात माझा मोठा भाऊ नामादादा राहतो. गावदेवीची पूजा आमच्या घराकडे, ती तोच करतो. आमचं या बाबतीत कधी पटलं नाही. टीव्हीवर कुठलं वादळ, कुठला दुष्काळ दाखवला की तो म्हणायचा, "माणूस माजला, म्हणून." मी म्हणायचो, "हवा तापली, म्हणून." वयनी म्हणायची, "दोघंपण आधी जेवून घ्या."

दहा-बारा वर्षांपूर्वी, होळीच्या उधाणाला बांध फुटला. आमच्याकडे त्याला खांड पडली म्हणतात. खाडी शेतात घुसली आणि काही दिवसांत देवळाजवळची विहीर खारी झाली. पिण्याच्या पाण्याची गावात तेवढी एकच विहीर. मग टँकर. तो तीन दिवसांनी यायचा, कधी तोही नाही.

देवळात बैठक बसली. मी सगळं नीट समजावलं. समुद्र चढतोय, खाडी गाळाने भरलीय, खेकड्यांनी बांध पोखरलाय. पुढच्या मोठ्या उधाणाआधी खांड बुजवा, दोन पावसाळ्यांत विहीर सुधारेल. एक म्हातारी म्हणाली, "दोन पावसाळे? तवर काय पिऊ रं बाबा?"



मग दादाने देवीला कौल लावला. कौल आला — घरटी एक कळशी गोडं पाणी विहिरीत ओतायचं. म्हणजे टँकरचं! मी भडकलोच. "दादा, माणसं तहानलेली आणि प्यायचं पाणी विहिरीत ओतायचं?"

"मी मनाचं नाय सांगत, हरी. आलं ते सांगितलं." त्याचाही आवाज दमलेला होता.

रविवारी सकाळी बायकांनी साठ-पासष्ट कळश्या ओतल्या. ओतायच्या आधी मी विहिरीतून एक बाटली भरून घेतली आणि रोह्याला निघून आलो.

सोमवारी वयनीचा फोन. "भावजी, पाणी गोडं झालंय."

मी हसलो. पण शिफ्ट सुटल्यावर नागोठण्यावरून मोटरसायकल हाणत गावी गेलोच. स्वतः बादली सोडली, पार तळापर्यंत. ओंजळभर प्यायलो... गोडं! चारही बाजूंनी सॅम्पल घेतली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सिल्वर नायट्रेट टाकलं. खाऱ्या पाण्यात ते टाकलं की दह्यासारखं पांढरं दाटून येतं. रविवारच्या बाटलीत तसं आलं. सोमवारच्या बाटल्यांत नुसती धुरकट छटा, नळाच्या पाण्यात येते तेवढी. सिनियरकडून पुन्हा करून घेतलं. तेच. पाऊस नव्हता, खांड अजून अर्धी उघडीच होती आणि साठ कळश्यांनी ती विहीर गोडी होणं शक्य नव्हतं. आकडेमोड मी तीनदा केली.

मग मला दुसरं काही सुचेना. रोज गावी जायचं, बाटली भरायची, लॅबमध्ये आणायची. रोज तेच.

इकडे बैठकीनंतर सुरू झालेलं खांड बुजवायचं काम निम्म्यावर आलं होतं, पण विहीर गोडी झाल्यावर माणसं गळायला लागली. "देवीनं पाणी बघितलं, आता बांधपण तीच बघंल." दादा घरोघरी फिरला. "अरे, देवीनं पाणी दिलं, चिखल तुम्हालाच उचलायचाय!" पुजाऱ्याचंच कोणी ऐकेना. आठव्या दिवशी तो मला विहिरीवर भेटला, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला.

"हरी, तुझं ऐकतील. सांग त्यांना, बांध नसंल तर ह्ये टिकणार नाय."

मी म्हणालो, "आधी मला कारण तर कळू दे. उगाच काय सांगू? उद्या ह्या बाटलीचा रिपोर्ट येईल, मग बोलतो."

तो बांधाकडे परत गेला.

दुसऱ्या दिवशी अमावास्येचं उधाण. मी रोह्यात आदल्या दिवशीची बाटली तपासत होतो. तीही गोडी. भर दुपारी पाणी चढलं आणि अर्धवट भराव वाहून गेला. बांधावर फक्त आठ माणसं होती. दादाचा पाय दगडांखाली अडकला. छातीभर पाण्यातून त्याला ओढून काढलं. त्या संध्याकाळी विहीर पुन्हा खारी झाली. आजही खारीच आहे. शेतंही परत पिकली नाहीत.

पुढे मी रिपोर्ट दोघा-तिघा जाणकारांना दाखवले. एकाने बाटल्या बदलल्या असतील म्हटलं, एकाने जमिनीखालचा झरा म्हटलं. झरा असेल तर नऊच दिवस का? तुमच्यापैकी कोणाला सांगता आलं तर जरूर सांगा. मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

पेणच्या दवाखान्यात दादाला बघायला गेलो, तेव्हा पाय प्लॅस्टरमध्ये होता. पुढे कायमचा लंगडत राहिला. वयनी औषधं आणायला गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "दादा, खरं सांग. काय झालं होतं त्या विहिरीला?"

तो छताकडे बघत म्हणाला,

"मला काय म्हायत? देवीनं दिलं म्हणावं, तर परत का नेलं? विचारतो मी तिला. बोलत नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मला वाटलं, तू रोज बाटल्या नेतोस, तुला कळलं असंल."

आणि मी ते नऊ दिवस याच भरवशावर होतो, की मला नाहीच सापडलं, तर दादाला तरी माहीत असेल.