जयाच्या पुड्यांतली बोंडं

देवराव पोलीस पाटील म्हणजे संशयाचं माहेरघर. दूधवाल्यानं सायकलची घंटी दोनदा वाजवली, तर दुसऱ्यांदा काहून वाजवली, हे हा विचारणार! अन् कळंबजवळच्या त्या गावात त्याच्या डोळ्यांत सगळ्यात जास्त कोण खुपायचं, तर शाळेत खिचडी शिजवणारी जया.

जया दहावी नापास. एका घड्याळजीकडून जुनं भिंग मागून आणलेलं, तेवढीच तिची प्रयोगशाळा. खिचडीचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, घासून झाला की बाई सुरी घेऊन निघाली विहिरीच्या पायऱ्यांकडं, नाल्यातल्या दगडांकडं. शेवाळ खरडायचं, वर्तमानपत्राच्या कागदात बांधायचं, वर नंबर टाकायचा. लोकांना सगळं सारखंच हिरवं, हिला त्यात चाळीस जाती दिसत. शेवाळाच्या बारीक दांडीवर टाचणीच्या डोक्याएवढं काही धरतं, त्याला काय म्हणावं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कापसाच्या मुलखातली बाई, तिनं आपलं नाव ठेवलं – बोंड.

त्याच शब्दानं घात केला.

गुलाबी अळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. परवानगी नसलेलं बियाणं, लोक त्याला चोरबीटी म्हणत, गुपचूप पुड्यांतून विकलं जात होतं. जया अमरावतीच्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकाशी फोनवर बोलत होती, अन् देवराव कुडाआड उभा. "सर, तीनशे बाराले बोंड मस्त धरलं. पुड्या बांधून ठेवल्या." झालं! देवरावानं चोरबीटी पकडणाऱ्या कृषी खात्याच्या पथकाला नाव न सांगता फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप आली. जयाच्या दोन पत्र्याच्या पेट्या अंगणात आल्या अन् पुड्या पोत्यात पडू लागल्या.

"साहेब, कोंबू नका वो! चुरा होईन. एकोणीस वर्सं गेली माही याच्यात!" जया रडकुंडीला आली.

"आधी जप्ती, मग तपासणी," पथकाचा साहेब म्हणाला. "पाटील, तुम्ही पंच. एक पुडी उघडा, वाचा."

वरची पुडी घेईल तो देवराव कसला! खरा माल तळाशीच असणार. त्यानं पेटीच्या तळातून पिवळी पडलेली पुडी काढली अन् मोठ्यानं वाचली.

"नंबर एकेचाळीस. देवराव पाटलाची विहीर, सातवी पायरी. माझ्या कमरेचा दोर सुखीबाईनं धरला. मालकाला सांगितलं नाही, फार संशयी आहे."

जीप पाहून जमलेले लोक खो खो हसले. देवराव नाही हसला. सुखीबाई त्याची बायको, तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"बियाणं कुठाय? हा तर कचरा आहे," साहेब वैतागला.

जयानं तांब्यातलं पाणी हातावर घेऊन पुडीतल्या काळपट चुऱ्यावर शिंपडलं. बघता बघता ते उलगडलं अन् हिरवं झालं. साहेबानं टोपी सारखी केली.

"तक्रार कोणी केली हो ही?"

"म्याच केलती, साहेब," देवराव म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पोतं तिथंच टाकून जीप गेली. देवराव पोत्यापाशी तसाच उभा.

"जया, अजून कितीक पुड्यांवर हाय तिचं नाव?"

"असतीन बाराक, भाऊजी."

"बारा? अन् मले एकबी माहीत नाही?"

तो खाली बसला, अन् एकेक पुडी वाचून पेटीत ठेवू लागला.