लालासाबांनी सांगितलेलं घंटेचं वय

राजारामपुरीत आमच्या बोळात दोन दुकानं शेजारीशेजारी आहेत. एक माझं, साडीला फॉल-पिको करायचं. दुसरं लालासाबांचं, कल्हईचं. मधे नुसता पत्रा आहे. त्यांचं घासणं मला ऐकू येतं आणि माझी बडबड त्यांना. माझं नाव संयोगिता. तोंडानं फटकळ आहे हे मीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाव ठेवायला नको. पण लालासाबांपुढं मी म्हणजे अगदी गरीब गाय.

कल्हई आता कोण करून घेतंय? त्यांचे आजोबा भाता घेऊन गावोगाव फिरायचे, पार चंदगडपर्यंत. पारावर भट्टी लावली की अख्ख्या गावाची पातेली येऊन पडायची. आता सगळीकडं स्टील आणि नॉनस्टिक. पण एक झालंय, फ्लॅटमधल्या लोकांना हॉलमध्ये जुनी समई, जुना हंडा मांडून ठेवायची हौस आलीय. त्यांची पॉलिश करायची कामं लालासाबांकडं येतात. शिवाय गोव्याहून नाहीतर कुठल्या प्रदर्शनातून 'अँटिक' म्हणून घेतलेली वस्तूही लोक दाखवायला आणतात. लालासाब ती उलटी करणार, नख लावणार, वास घेणार आणि बायकामुलांसमोर सांगणार, "मागल्या दिवाळीचा माल हाय, पावणं. नवसागर लावून शेणात पुरलाय." माणसाचं तोंड कसं होतं ते बघायचंसुद्धा नाही. लगेच दुसरं भांडं हातात.

त्यांची बायको मदिनाभाभी सांगते, तिच्या सख्ख्या भाचीच्या लग्नात आहेर आलेल्या डेगीला भर मांडवात ते म्हणाले होते, "तळ बदललाय हिचा." पुढं दोन वर्षं त्या घरातलं कुणी यांच्याशी बोललं नाही. मी एकदा म्हणाले, "चाचा, सगळ्यांच्या भांड्यांना कल्हई करता, जरा जिभेला पण करून घ्या की." तर हसले. बदलले मात्र नाहीत.

आणि अशा माणसाकडं मी माझ्या माहेरची घंटा पाठवली.

माहेर मुरगूडच्या पलीकडं. गावाचं नाव सांगत नाही, आधीच खूप झालंय. तिथं भैरोबाचं देऊळ आहे आणि देवळात ही मोठी घंटा. तीनशे वर्षांची, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्याकडं एक खोड आहे, जत्रा जवळ आली की देवळातलं जे हलत नाही ते सगळं ऑइलपेंटनं रंगवायचं. खांब, कासव, दीपमाळ, आणि घंटासुद्धा. ज्याचा मान असेल तो डबा आणणार, त्याच्या मनाला येईल तो रंग. तर घंटेवर रंग चढून चढून ती इतकी बसली होती की वाजवली तरी कुणी दार आपटल्यागत आवाज यायचा.

यंदा देवळाचा जीर्णोद्धार झाला. कमिटीचे अध्यक्ष उदयसिंह. शंभर टन ऊस, दहा म्हशी आणि आवाज असा की माईक लागत नाही. त्यांनी ठरवलं, घंटेचा रंग काढायचा आणि शेजारी संगमरवरी पाटी लावायची, 'तीनशे वर्षांची पुरातन घंटा'. पाटी आधीच कोरून आणली होती. मला फोन आला, "संयोगिता, तुझ्या शेजारचा तो म्हातारा चांगलं काम करतोय म्हणं." मी म्हटलं, पाठवा.

लालासाबांनी घंटेला रिमूव्हर लावला, खरवडली, धुतली. मग टांगून एक टोला दिला. आवाज पत्र्यातून माझ्याकडं आला. चांगला होता, पण लगेच विरला. त्यांनी अजून एक टोला दिला. मग कडीत बोट घालून बघितलं. दुपारी गुजरीत ओळखीच्या सोनाराकडं जाऊन त्याच्या टंच, म्हणजे धातूचा कस, बघायच्या मशीनवर घंटेचा कीस तपासून आणला.

संध्याकाळी उदयसिंह घंटा बघायला आले, बरोबर गावची चार माणसं. लालासाबांनी हात पुसत सांगितलं, "काम झालंय. पण ही तीनशे वर्षांची न्हाय. लई झालं तर पन्नास."

"काय बोलताय तुम्ही?"

"कांसं म्हंजे तांबं आणि कथील. कथलात माझा जन्म गेला, मला कळतंय की. ह्यात जस्त हाय, म्हंजे पितळ वितळवून घातलंय. आणि ही कडी बघा. तीनशे वर्षं आकड्यावर लोंबली असती तर आतनं झिजून दोऱ्यागत झाली असती. ही हाय तशी हाय."

उदयसिंह जरा वेळ घंटेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आमची घंटा गेली कुठं?" लालासाबांनी पुढचं पातेलं घेतलं. घंटा तिथंच ठेवून ती माणसं निघून गेली.

गेली कुठं, ह्या प्रश्नाचं उत्तर गावाला रस्त्यातच मिळालं. देवळाची किल्ली कुणाकडं असते? झुंबरबाई गुरवाकडं. झाडलोट, दिवा, पूजा, सगळं तिच्याकडं. नवरा गेल्यावर पोरीला एकटीनं वाढवून तिचं लग्न करून दिलं. पैसा आला कुठनं? गावाला एवढं पुरे झालं की! म्हणे, बाईनं घंटा विकली आणि दुसरी टांगून वर रंग फासला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडून किल्ली काढून घेतली. मला भावजयीचा फोन आला, तेव्हा मी एका पैठणीला फॉल लावत होते. पैठणी तशीच टाकून उठले आणि पत्र्याच्या पलीकडं गेले.

"चाचा, काय करून ठेवलंत हे? त्या बाईला देवळाची पायरी चढू देईनात!"

लालासाबांच्या हातातला बोळा तसाच राहिला. "मी धातूचं बोललो, ताई. बाईचं कुठं बोललो?"

"धातूचं बोललात आणि पुढचं लोकांवर सोडलंत. लोकं काय गप्प बसणार होती व्हय?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मदिनाभाभी डबा परत घेऊन जाताना मला म्हणाली, "तूच बोल बाई, माझं ऐकत नाहीत." मी बोलले. सरळ सांगितलं, "फोन करा आणि म्हणा, चुकलं माझं, घंटा जुनीच आहे. पाटी लागेल, झुंबरबाईला किल्ली मिळेल, विषय संपेल. तुमचं काय जातंय?"

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. म्हणाले, "आज मी जुनी म्हणीन. उद्या दुसरा कोण मशीन लावंल, त्यो नवी म्हणंल. मग बाई दुसऱ्यांदा चोर ठरंल आणि तवा सोडवायला कोण न्हाय. खोट्यानं सोडवली तर ती सुटत न्हाय, ताई." मला राग आला होता, तरी हे पटलं. आणि पटलं म्हणून आणखी राग आला.

मग त्यांनी घंटा परत खाली उतरवून उलटी केली आणि बॅटरी घेऊन बसले. पहिल्यांदा त्यांनी फक्त घंटेचं वय बघितलं होतं. आता ती त्या देवळात कधीपासून आहे, ते बघत होते. मग एकदम ओरडले, "ताई, हिकडं या!"

वर कडीच्या बुडाशी, जिथं कानस पोचत नाही अशा खाचेत, रंग तसाच राहिला होता. चांगला जाड. त्यांनी त्यातला एक ढलपा पटाशीनं अलगद काढला आणि त्याची कड पाणीपेपरवर घासली. मला दाखवली. एकावर एक रंगांच्या बारीक रेघा. सोनेरी, परत सोनेरी, चंदेरी, लाल, हिरवा, आणि मधे मधे असे कितीतरी. दर दोन रंगांच्या मधे काजळीची काळी रेघ, दिव्याच्या धुराची. सगळ्यात खाली, धातूला चिकटून, निळा.

"काल टांगलेल्या घंटेवर इतकं सगळं बसतंय व्हय?" लालासाब म्हणाले.

रविवारी आम्ही टेम्पोत घंटा घातली आणि गावी गेलो. देवळाच्या मंडपात सगळं गाव जमलं होतं. झुंबरबाई मंडपाबाहेर, चपला काढतात तिथं बसली होती, पदर डोक्यावरनं पुढं ओढून. आत ये म्हणायची कुणाची टाप नव्हती. मी म्हणाले, तर तिनं नको म्हणून मान हलवली.

लालासाबांनी उगाच प्रस्तावना केली नाही. "घंटा पन्नासच्या आतबाहेरची हाय, त्यात मी बदल करत न्हाय," म्हणाले. मंडपात कुजबुज झाली. उदयसिंह म्हणाले, "मग बोलायचं काय राहिलं?" लालासाबांनी तो ढलपा त्यांच्या हातावर ठेवला, वर भिंग दिलं. "रंग तुमच्या गावानं दिलेत. वाचा तुम्हीच."

उदयसिंहांनी बघितलं. शेजारच्यानं हिसकावून घेतलं. मग ढलपा हातोहात फिरायला लागला आणि जो तो ओरडायला लागला. "ह्यो चंदेरी आमचा! आमच्या बापानं डबा आणलेला." "लाल त्येच्या आदी, पूर आलता त्या सालचा." आणि हिरवा आला तेव्हा म्हातारी माणसं हसायलाच लागली. त्या वर्षी मानकऱ्याचा रंग आयत्या वेळी कमी पडला, म्हणून दूध डेअरीच्या दाराचा उरलेला हिरवा घंटेला फासला होता. सगळं गाव म्हणत होतं, भैरोबा डेअरीत नोकरीला लागला.

"ह्या हिरव्याच्या टायमाला झुंबरबाई कुठं हुत्या?" लालासाबांनी विचारलं.

कुणीतरी मागून म्हणालं, "तवा तिचं लगीन बी झालं न्हवतं. गावात आलीच न्हवती."

"मग?" लालासाब म्हणाले. "हिरव्याच्या आदीपासनं हीच घंटा हितं हाय. बाईनं बदलली कवा?"

उदयसिंहांना मात्र एक धागा सापडला, "आणि तीनशे वर्षांची ती? ती गेली कुठं?"

तेव्हा आक्का बोलल्या. आक्का म्हणजे उदयसिंहांची चुलती, सत्तरी ओलांडलेली, भिंतीला टेकून बसलेली. "फुटली," म्हणाल्या. "मी नवी नवरी आलते तवा. जत्रंतच तडकली. तुझ्या बानं, आण्णानं, घराघरातनं मोडकं पितळ गोळा केलं आणि तिच्यात घालून ही ओतून आणली. माझ्या माहेरचा तांब्या हाय हिच्यात. देवाची घंटा फुटली म्हटल्यावर कोण पोरी दिल गावाला? म्हणून आण्णानं सगळ्यांस्नी शपथ घातली, बोलायचं न्हाय. निळा रंग मारला आणि टांगली."

"मग इतकं दिवस गप का बसलीस?" उदयसिंह ओरडले.

"शपथ हुती की! आणि मला वाटलं, बाईवर आळ घ्यायला तुम्ही एवढं खुळं न्हाईसा."

ह्यावर कुणी हसलं नाही. मला तर आक्कांचाही राग आला. शपथेसाठी एका बाईला दारात बसवलंत की तुम्ही! पण म्हातारीच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, म्हणून गप्प बसले. लालासाब उठून बाहेर गेले, झुंबरबाईसमोर उभे राहिले आणि हात जोडले. "भैनी, मी घंटंचं सांगताना तुमचा इचार केला न्हाय. करायला पायजे हुता." झुंबरबाईनं पदर जरा मागं घेतला.

उदयसिंह खिशातून किल्ली काढत तिच्याकडं गेले. "घ्या, झुंबरबाई. झालं गेलं सोडा. चला, दिव्याची वेळ झाली."

तिनं हात पुढं केला नाही.

"किल्ली ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "माझ्या पोरीच्या सासूनं मला फोन करून इचारलं, घंटा किती किलोची हुती, म्हणून. पोर मागं रडत हुती, मला ऐकू येत हुतं. आदी तिला फोन लावा."

"मी उद्या जाऊन सांगतो की."

"आत्ता. सगळ्यांच्या म्होरं."

उदयसिंहांनी इकडंतिकडं बघितलं. कुणीच त्यांच्याकडं बघत नव्हतं. तिनं नंबर सांगितला, त्यांनी लावला, स्पीकर चालू केला. पलीकडून त्या सासूबाईचा "कोण?" असा करकरीत आवाज आला. आणि ज्या माणसाला माईक लागत नाही, तो पुटपुटल्यासारखं म्हणाला, "झुंबरबाईंनी काय घेतलेलं न्हाय. आमचं चुकलं."

"मोठ्यानं म्हणा," झुंबरबाई म्हणाली. "चोर म्हणताना मळ्यापतोर ऐकू गेलतं."

मग ते मोठ्यानं म्हणाले. पलीकडं तिची पोरगी फोनवर आली, "आई?" झुंबरबाईनं उदयसिंहांच्या हातातून फोन घेतला, लेकीला म्हणाली, "ऐकलंस न्हवं? जेवून घे आता," आणि फोन परत दिला. मग किल्ली घेतली आणि दिवा लावायला आत गेली.