नळावर राहिलेली वाघजाई

"न्हाई सर, ह्ये खोटं हाय. ह्ये खोडा."

"कुठलं, अंजनाबाई?"

"पोरगी बापाच्या गळ्यात पडून समदं सांगती, त्ये. म्या कवा सांगितलं व्हतं तुमाला आसं?"

सावळाराम सर बांधावर मांडी घालून बसले होते, पुढ्यात कागदांचा गठ्ठा. दौंडच्या शाळेतले मास्तर. धरणातनं उठून आलेल्या अंजनाच्या जिनगानीवर त्यांनी कादंबरी रचली होती आणि छापायच्या आधी ती वाचून दाखवायला खुटबावच्या शिवारात आले होते. ती शेवंती तोडत ऐकत होती. फुलांच्या टेम्पोला मास्तर असो की कलेक्टर, थांबायची सवय नव्हती.

दोन वर्सांमागं सर धरणग्रस्तांची माहिती घ्यायला वस्तीत आले, तवा घरात ती एकटीच होती. नवऱ्यालासुदीक जे कवा सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून सरांपुढं निघून गेलं. परका माणूस उठून जातो, म्हणून त्याला सांगायला सोपं. पण हा लिहून घेऊन गेला.

ब्याण्णव साली मावळातलं त्यांचं गाव पाण्याखाली जायला निघालं, तवा अंजना बारा वर्सांची. जुन्या माणसांनी ठरवलं, वाघजाईला कुवार पोरीनं मांडीवर न्यायची, नव्या जागेपतुर खाली ठेवायची न्हाई. देवीवरची पिढ्यान्‌पिढ्यांची शेंदराची खोळ काढून नदीत सोडली. आत नारळाएवढा काळा तांदळा, देवीचा बिनघडीव गोटा, निघाला. तो उघडा आजवर कुणी पाहिला नव्हता, त्या दिवशी पाहिला तोही घडीभर. लगेच फडक्यात बांधून तिच्या बापानं, तात्याबानं, तो तिच्या ओटीत घातला.

जन्मात गाडीत न बसलेली पोर. ट्रक लोणीला पाण्यासाठी थांबला तवर ती फडक्यावरच ओकली होती. खाली उतरून तिनं तांदळा नळाच्या कट्ट्यावर ठेवला आणि फडकं धुवायला घेतलं. ड्रायव्हरनं घाई केली, केबिनातनं बाप वरडला, आणि पोर ओलं फडकं घेऊन पळाली. गुंगी उतरली ती उरुळी मागं पडल्यावर. हातात फडकं होतं, फडक्यात काही नव्हतं.

ती बोलली न्हाई. कासुर्डीला टायर बसला. माणसं जॅकभोवती जमली, तवा ती ओढ्यात उतरली आणि तेवढाच एक काळा धोंडा उचलून फडक्यात बांधून बसली. सांजच्याला वस्तीनं वाजतगाजत त्याची थापना केली, शेंदूर चढवला. सोळा वर्सं झाली.

मरायच्या आधी तात्याबानं स्वतःला उचलून देवळात न्यायला लावलं. धोंड्यावर डोकं ठेवून म्हणाला, "पोरी, तू आनलीस म्हनून आपुन हितं टिकलो." तिनं नुसतं पाणी पाजलं. एकदा एसटीनं लोणीलाही जाऊन आली. नळ नव्हता, कट्टा नव्हता, रस्ता रुंद झाला होता. जत्रेला सगळी वस्ती वाकते, हीही वाकते. पण वस्तीला देवी हाय, हिला न्हाई.

"वाचणाऱ्याला जरा ओलावा लागतो, अंजनाबाई," सर म्हणाले. "पोरीनं बापाला सांगितलं, बापानं पोटाशी धरलं. लोकं रडतील."

"म्या नव्हते रडले. लोकं कशापायी रडत्यात?"

तेवढ्यात देवीचे पुजारी हौसरावमामा बांधावरनं आले.

"अंजे, उद्या मंगळवार हाय गं. देवीला चार फुलं दे. आन् सर, काय लिवताय? आमची अंजी नसती तर वाघजाई माशांची झाली आसती. मोठ्या अक्षरात लिवा ह्ये!"

"लिहितो, मामा."

"आन् माझं नाव पन घाला. ह्या म्हातारपणी देवीची चाकरी कोन करतंय?"

अंजनानं त्यांच्या धोतराच्या सोग्यात ओंजळभर शेवंती टाकली. मामा हसत गेले. ते ज्वारीआड झाले.

सर हळूच म्हणाले, "ही पानंच काढतो. तांदळ्याचं सगळंच. तुमचं नाव बदललंय, पण..."

"नाव बदलून काय व्हतंय? मांडीवर देवी आनल्याली पोर एकच व्हती. मामा पेपरातल्या दवाखान्याच्या जाहिरातीबी सोडत न्हाईत, ह्ये सोडतील व्हय?"

"म्हणूनच म्हणतो, काढतो."

तिचा हात झाडावर थांबला.

"न्हाई. बापाला सांगितल्यालं तेवढं खोडा. बाकी ऱ्हाऊ द्या."

"तोंड फिरवतील लोकं, बाई. देवळात घेणार नाहीत."

"आता जाते तवा तरी कुणापुढं हुबी ऱ्हाते म्या? म्या एकटीच आसते तिथं. एकदा कळू द्या समद्यास्नी."

"आणि नवरा?"

"त्येला आज जेवताना म्याच सांगते. पुस्तकातनं कळाया नको."

सरांनी पेन काढलं. दीड पान आडव्या रेघांनी खोडलं आणि कागद तिच्याकडं धरला. तिनं वाकून, बोट फिरवत, खोडायचं ते सगळं खोडलंय का ते पाहिलं. मग पदराला हात पुसून पाटी कमरेवर घेतली. अजून तीन सऱ्या राहिल्या होत्या. ती पुढच्या सरीत शिरली आणि खालच्या फांदीपासून फुलं तोडायला लागली.