मांडीवरची पट्टी

“त्या हातात स्टेम सेलचं इंजेक्शन द्या ना मॅडम,” संतोष म्हणाला आणि त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. व्हिडिओत एक जखम बघता बघता भरत होती. “मांडीची कातडी कशाला काढायची?”

त्याची बायको सुमन कॉटवर बसली होती. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या कारखान्यात उकळत्या गुळाचा पाक तिच्या उजव्या हाताच्या पंजावर सांडला होता. पाक पाण्यापेक्षा वाईट. तो चिकटतो आणि भाजतच राहतो. पंजाच्या मागच्या बाजूची कातडी खोलवर जळाली होती. जखम स्वतःहून भरेपर्यंत थांबलो असतो तर बोटं आखडली असती. सुमनला मूठ वळता यायला हवी होती, एवढाच प्रश्न होता.

मी प्लास्टिक सर्जन आहे. माझा नवरा गेल्यानंतर मी काही महिने काम थांबवलं होतं. परतल्यावरची ही पहिली मोठी केस. बोलायची सवय मोडली होती, तरी बोलावं लागलं.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, ज्यांच्यापासून शरीर नव्या पेशी घडवतं. अशा पेशी जखमेत सोडल्या तर सूज कमी होते, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते, असं संशोधनात दिसतंय. पण अजून ट्रायल चालू आहेत. व्हिडिओ बघून मी सुमनच्या हातावर तो प्रयोग करणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

मांडीचं म्हणाल, तर तिथून आम्ही कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ कातडी घेतो. तिला ग्राफ्ट म्हणतात. केसांची मुळं खाली तशीच राहतात. त्या मुळांपाशी मूळ पेशी असतात. त्या वर सरकतात आणि मांडी पुन्हा झाकतात. हातावरची मुळंच जळून गेली होती, म्हणून तिथे उसनी कातडी लावायची.

“म्हंजे त्या पेशी हिच्याकडंच हायेत?”

“आहेत.”

“मग व्हिडिओवाले काय इकतायत?”

सुमन पहिल्यांदा हसली. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही तिने डाव्या हाताने केली.

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा ग्राफ्ट हातावर बसलेला दिसला. घरी सोडताना मी बजावलं, की हाताच्या पट्टीला कुणीही हात लावायचा नाही, नवी कातडी सरकली तर सगळं पुन्हा करावं लागेल. मांडीची पट्टी आपोआप सुटेल, हेही सांगितलं. सगळी मंडळी आपल्या गावी, बेडशाला गेली.

पुढच्या आठवड्यात ओपीडी चालू असताना संतोषचा फोन आला. “मॅडम, आईनं पट्टी काढली. तूप लावून.”

“कुठली पट्टी?”

आवाज तुटला. परत लावला तर रेंज नाही. असाल तसे निघा, असा मेसेज टाकला. सिस्टरला ऑपरेशन थिएटरची तयारी ठेवायला सांगितलं. मी बाकीचे पेशंट तपासत राहिले, पण डोळ्यांसमोर सुमनचा पंजा होता. फोन लागत नाही आणि पलीकडे काय झालंय ते कळत नाही, ही अवस्था नवरा गेला त्या दिवसापासून मला नवी नव्हती. त्यामुळे ती सोपी होत नाही.

दुपारी रिक्षा दारात थांबली. आधी सासू उतरली, गंगूमावशी. मागून सुमन. हाताची पट्टी जशीच्या तशी होती, वर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. म्हणजे काढली होती ती मांडीची पट्टी.

मावशींनी त्याच कारखान्यात बरीच वर्षं चिक्की लाटली होती. तिथे पाक ओतण्याआधी ओट्याला तूप लावतात, म्हणजे वडी न तुटता सुटते. मांडीच्या पट्टीच्या कडा वर आल्या होत्या, खाज सुटली होती. मावशींनी कडेकडेने तूप सोडलं आणि हलक्या हाताने पट्टी उचलली.

“मावशी, आपोआप सुटेल म्हटलं होतं ना मी?”

“व्हय. सुटत न्हवती, मंग सोडवली.”

“आणि हाताची?”

“तिला हात लावू नका म्हनला व्हता तुमी. मी काय येडी हाय व्हय?”

पडदा ओढून मी मांडी पाहिली. तूप पुसलं. खाली गुलाबी, कोरडी, अखंड कातडी होती. पट्टीबरोबर कातडीचा एक ठिपकाही निघाला नव्हता. मूळ पेशींनी आपलं काम उरकलं होतं.

“बगा, तुपानं भरलं,” मावशी म्हणाल्या. मी केसांच्या मुळांचं पुन्हा सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सुमनला म्हणाल्या, “तरी घरचं तूप व्हतं.”

त्या दिवशी घरी जाऊन मी बऱ्याच महिन्यांनी नीट जेवले.

सुमनचा हात बरा झाला. काही महिने व्यायाम करून मूठ पूर्ण वळली. आता ती पाकापाशी नसते, पॅकिंगला बसते.

मी मात्र घरी सोडताना प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून सांगते, की ही सुटली नाही तर सोडवायची नाही, माझ्याकडे यायचं. सोबत सासू असेल तर तिलाच सगळं परत म्हणायला लावते.