चेंडू तिच्याकडे येत नव्हता

त्या डिसेंबरात मी रोज सकाळी शिट्टी गळ्यात अडकवताना एकच विचार करायचे, आज तरी नववीच्या मुली हलू देत. पेठ रोडवरच्या आमच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका. मैदान म्हणजे सिमेंटचं अंगण. मुली स्वेटरच्या बाह्यांमध्ये हात ओढून भिंतीला टेकायच्या आणि तास संपायची वाट बघायच्या. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नुसत्या उभ्याच राहणार असतील, तर तुमचे तास गणिताला देतो. त्यांच्या दहावीचं काहीतरी भलं होईल."

प्रशिक्षणात आम्हाला ओळख वाढवायचे, संकोच घालवायचे खेळ शिकवले होते. दुसरं काहीच सुचत नव्हतं, म्हणून एका सोमवारी मी मुलींना गोल उभं केलं. चेंडू जिच्याकडे टाकायचा तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं, एवढाच खेळ. आश्चर्य म्हणजे तो जमला. नावं ऐकू येऊ लागली, हसणं सुरू झालं. किती दिवसांनी मला हायसं वाटलं.

मग ती दिसली. जूनमध्ये सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरून आलेली, जवळच्या वसतिगृहात राहणारी मुलगी. दोन्ही हात पुढे धरून ती उभी होती. चेंडू तिच्या डावीकडे गेला, उजवीकडे गेला, डोक्यावरून गेला. तिच्याकडे कुणीच टाकला नाही. प्रत्येक वेळी तिची बोटं थोडी उघडायची आणि पुन्हा मिटायची.

मला राहवलं नाही. मी चेंडू मागून घेतला, तिचं नाव घेतलं आणि तिच्याकडे टाकला. तिनं तो अलगद झेलला, छातीशी धरला आणि तशीच उभी राहिली.

"टाक ना," मी म्हटलं. "कुणाचंही नाव घे."

ती खाली बघत म्हणाली, "माला कोनाचा नाव माहीत नाय."

सहा महिने एकाच वर्गात! कुणीतरी फिसकन हसलं. पुढे काय करावं मला कळेना. मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना वर्गात पाठवलं. खेळाच्या सामानाच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. तिला मदत करायला गेले आणि सगळ्यांसमोर उघडं पाडून बसले, हे काही केल्या मनातून जाईना.

पुढच्या तासाला ठरवलं, आज नावं नकोत. सगळ्यांनी जवळ येऊन समोरच्यांचे हात धरायचे, हातांची गाठ पडते, ती हात न सोडता सोडवायची. मुली जवळ आल्या. त्या सुरगाण्याच्या मुलीशेजारी वर्गाची मॉनिटर होती. मॉनिटरनं आधी बाही बोटांवरून खाली ओढली आणि मग कापडातूनच तिचा हात धरला. ते त्या मुलीनंही पाहिलं. तिचा चेहरा बदलला नाही. या गोष्टीची तिला सवय असावी.

ओरडावं तर सगळंच मोडलं असतं. मी स्वतःच त्या घोळक्यात घुसले आणि तिचा दुसरा हात धरला.

गाठ सुटेना. उलट जास्तच आवळत गेली. मॉनिटरचा खांदा पिळवटला, बाही निसटली, तेव्हा तिनं पडू नये म्हणून त्या मुलीचा पंजाच घट्ट पकडला.

"अगं, वाक ना! माझा हात तुटेल!" मॉनिटर ओरडली.

"तूच वाक. मी कशी वाकू?"

दोघी एकदमच वाकल्या आणि आम्ही सगळ्याजणी सिमेंटवर कोसळलो. मुली खिदळत होत्या. मी वर बघितलं तर व्हरांड्यात मुख्याध्यापक उभे होते.

दुपारी त्यांनी निर्णय सांगितला, खेळाचे सगळे तास गणिताला. मी त्यांच्यासमोर हात जोडले. इतकी अजिजी मी नोकरी मागतानाही केली नव्हती. "सर, त्या दोघी आज पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या," मी म्हणत राहिले. मी त्यांच्या टेबलासमोरून हलेना, तसे ते अवघडले. शेवटी शनिवारचा एक तास ठेवला, बाकीचे गेले.

शनिवारी निम्म्या मुली आल्याच नाहीत. आलेल्यांतल्या बऱ्याचशा भिंतीला टेकल्या. संघ पाडून धावण्याचा खेळ घ्यायचा म्हणून मी खुणेचे प्लास्टिकचे कोन मांडत होते, इतक्यात मॉनिटर तणतणत आली. मागोमाग ती सुरगाण्याची मुलगी.

"मॅडम, हिला सांगा. संघाची कॅप्टन मीच होणार."

"मॅडम, ही तं मॉनिटर हायेच. कॅप्टन मी होनार."

"तुला नियम तरी माहितीये का?"

"तुला तं पळताबी येत नाय!"

दोघी माझ्या दोन बाजूंनी एकमेकींवर ओरडत होत्या. आठवड्यातला माझा एकुलता एक तास असा भांडणात चालला होता, आणि ते थांबवायला माझा हात शिट्टीकडे जाईना.