पट्टी सोडून पाहण्याची सकाळ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, माझ्या डाव्या नडगीतल्या गाठीच्या बायोप्सीचा अहवाल आला. कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेच्या पेशींपासून होणारा हाडाचा कर्करोग. हा केमोथेरपीला सहसा दाद देत नाही, शस्त्रक्रिया हाच उपाय, असं डॉक्टर म्हणाल्या.

सुरुवात जिना चढताना दुखण्याने झाली होती. जयनगरच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, वय साठीचं, म्हणून मी संधिवात धरून चाललो. दुखण्याने झोपमोड होत असेल तर कोणी तसं धरून चालू नये. एक्स-रे काढून घ्यावा.

एमआरआयमध्ये गाठीने पायाच्या मुख्य रक्तवाहिन्या वेढलेल्या दिसल्या. पाय वाचवून फक्त हाड बदलण्याचा पर्याय तिथे संपला. अबव्ह-नी अँप्युटेशन, म्हणजे गुडघ्याच्या वर पाय कापणं ठरलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. ते वेगळं नव्हतं.

रुग्णालय मिशनचं होतं. शेजारच्या खाटेवर फेलिक्स होते, मूळचे कारवारचे, इथल्या सरकारी कारखान्यातले निवृत्त टर्नर. टाचेवरच्या भाजल्याच्या जुन्या व्रणात त्यांना कर्करोग झाला होता. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापायचा होता. माझी पत्नी सुनंदा बेळगावची. ती कन्नड-मराठीत बोले, ते कोकणीत उत्तर देत, आणि दोघांचं अडत नसे.

त्यांच्या कपाटावर एक चित्र होतं. काळा झगा गुडघ्यापर्यंत उचलून पायावरची जखम दाखवणारा संन्यासी. संत पेरेग्रीन, इटलीतला, सुमारे सातशे वर्षांपूर्वीचा. तरुणपणी त्याने एका धर्मोपदेशकाच्या थोबाडीत मारली. त्या माणसाने हात उगारला नाही. पुढे पेरेग्रीन त्याच्याच पंथात गेला आणि प्रायश्चित्त म्हणून तीस वर्षं शक्यतो बसला नाही, असं सांगतात.

"मीही तेवढीच वर्षं लेथवर उभा होतो," फेलिक्स म्हणाले. "मला फक्त व्हेरिकोज व्हेन्स मिळाल्या."

संताच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, पाय कापायचं ठरलं. आदल्या रात्री तो सरपटत क्रूसापुढे गेला. सकाळी वैद्याने पट्टी सोडली तेव्हा जखम नव्हती. म्हणून जगभर कर्करोगाचे रुग्ण त्याला आळवतात. आमच्या वॉर्डात त्याचं चित्र हिंदू आणि मुसलमान रुग्णांच्या उशाशीही होतं.

वॉर्डात फिरणाऱ्या फादरना मी विचारलं, यातलं खात्रीचं काय?

"तो होऊन गेला, हे नक्की. पाय कापायचा होता, असं सांगतात. सकाळी बरा झाला, असं आम्ही मानतो."

फेलिक्स ऐकत होते. "बातमी छापायला पेपरवाल्यांना दोन साक्षीदार लागतात, फादर. इथे एकच होता, तो वैद्य."

त्यांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी स्ट्रेचर आलं. त्यांनी ते थांबवलं आणि डॉक्टरांना पट्टी सोडून एकदा पाहायला सांगितलं. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. पट्टी सोडली, टाच उजेडाकडे वळवली.

"हागे इदे," त्या म्हणाल्या. तशीच आहे.

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून फेलिक्स स्ट्रेचरवर आडवे झाले.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. त्याच आठवड्यात त्यांना पल्मनरी एम्बोलिझम झालं, म्हणजे पायात धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली. ते अतिदक्षता विभागात गेले आणि तिथेच वारले. त्यांची मुलगी कपाट आवरायला आली. चित्र हवं का, असं तिने मला विचारलं. मी नको म्हणालो. सुनंदाने ते घेतलं आणि माझ्या पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलं.

माझ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी डाव्या मांडीवर पेनने बाण काढला. चुकीचा पाय कापला जाऊ नये म्हणून तो काढतात. अंघोळ करताना पुसू नका, असं नर्सने बजावलं.

सकाळी स्ट्रेचर आलं. सुनंदाने माझं घड्याळ काढून घेतलं. डॉक्टर कागद तपासत होत्या.

"मॅडम, एकदा पट्टी सोडून बघता का?"

त्यांनी कागद खाली ठेवले, बायोप्सीच्या जखमेवरची पट्टी सोडली, आणि दोन्ही हातांनी नडगी चाचपली.

गाठ होती तिथेच होती. दुपारपर्यंत पाय कापून झाला होता.