बाईंचं क्रियापद

निर्मलाबाईंची आणि माझी पहिली ओळख लाल शाईतून झाली. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. बाई वर्गात एका परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद वाचून दाखवत होत्या. एका गावातली एका धर्माची सगळी कुटुंबं नेऊन मारली जातात, आणि शेजारची बाई त्यांच्या बांधून ठेवलेल्या बकरीचं दूध काढायला जाते. त्यावर मी उत्तरात लिहिलं, ‘ती माणसं मेली आणि गल्ली रिकामी झाली.’ बाईंनी दोन्ही क्रियापदांखाली रेघ ओढून लिहिलं होतं, ‘मेली की मारली? झाली की केली?’

ही बाईंची शिकवण्याची रीतच होती. कँटीनमध्ये एकदा आमच्या वर्गातला सुभाष म्हणाला, “बाई, कप फुटला.”

“फुटला, का फोडलास?”

“बाई, चहा तरी सुखानं पिऊ द्या!” सगळे हसले, बाईही हसल्या. पण सुभाषनं कप फोडल्याचं कबूल केलं.

नरसंहार इतिहासातही शिकवतात, मग कादंबरी कशाला, असं मी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, “इतिहास वाचताना आपण मेलेल्यांच्या बाजूला जाऊन बसतो. तिथं बसणं सोपं असतं. कादंबरी आपल्याला दूध काढणाऱ्या बाईच्या हातात नेऊन ठेवते.” असं वाक्य मला सुचत नाही, याचा मला तेव्हाही हेवा वाटला आणि आज मी स्वतः शिकवते तरी वाटतो.

खरा हेवा मात्र पुढचा आहे. दादा, म्हणजे माझे वडील, मला एम.ए.ला पाठवायला तयार नव्हते. बाई एस.टी.नं भोकरदनला आणि तिथून पायी आमच्या खेड्यात आल्या. दादांना त्यांनी माझ्याविषयी विचारण्याआधी वाटेत दिसलेल्या मोकळ्या जागेविषयी विचारलं. घरांची नुसती जोती उरलेली, मधे बाभळी. मी तिथूनच रोज शाळेत जायचे.

“ती मागची गल्ली,” दादा म्हणाले. “रझाकाराच्या सालानंतर, पोलीस ॲक्शनमधी उठली.”

“उठली, का उठवली, भाऊ?”

 दादा म्हणाले, “उठवली, बाई. आमी ल्हान व्हतो. कासिम माह्यासंगं विटीदांडू खेळायचा.”

वीस वर्षं मी त्या घरात जेवले, आणि हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं. बाईंना ते एका प्रश्नात मिळालं. त्या दिवशी एम.ए.चं बोलणं राहूनच गेलं. बाईंना गाडीत बसवताना दादा एवढंच म्हणाले, “जाऊ द्या तिला. शिकू द्या.”

आमच्या गावातल्या त्या गल्लीला नरसंहार हा शब्द लावायचा की नाही, हे बाईंनी आम्हाला कधी सांगितलं नाही. “आधी क्रियापद नीट करा, नाम मागून ठरवू,” असं त्या म्हणत. आता मीही मुलांना तीच कादंबरी वाचून दाखवते, तोच प्रश्न विचारते. मुलं ऐकतात, वहीत उतरवून घेतात, आणि घंटा झाली की निघून जातात. दादांना मी कितीदा विचारलं, पुढं काय झालं? “जल्दी जेवून घे,” असं म्हणून ते उठतात.

बाईंची साठी जवळ आल्याचं मी घरी सांगितलं, तेव्हा दादा आपणहून बोलले. “बाईंना बोलाव. राह्यलेलं त्यांना सांगतो.”

“मला सांगा ना, दादा. मी पण तेच शिकवते.”

“तुला न्हाई. तू माही लेक हायेस. तुला सांगितल्यावर मंग रोज तुह्यासमोर कसा बसू मी?”

मला राग आला, रडूही आलं. हे माझ्या घरातलं, आणि ते ऐकायला माणूस मात्र बाहेरचं लागतं! पण दादांचं वय झालं आहे, आणि दुसऱ्या कुणाला ते सांगणार नाहीत.

म्हणून बाई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मी गरजेनं मागते आहे. तुमच्या गुडघ्यांचं दुखणं लवकर बरं होवो. साठीचा सत्कार आटोपला की आमच्याकडे या. तुम्ही दोघं बोलत बसा, मी शेतात जाईन. दादा सांगतील ते ऐका. त्यातलं मला काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.